परिचयाच्या चार ओळींबद्दल

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, वकील संघाच्या सत्कारासाठी मागितलेला परिचय टंकित करून द्यावा म्हणून तुम्ही पाठवलेला कागद मिळाला. त्यावर चारच ओळी आहेत. जन्म १९५१, काटोल तालुका. १९७५ साली सनद. तेव्हापासून नागपूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी वकिली. आणि शेवटी, कोणी विचारलेले नसताना, ‘उच्च न्यायालयात नियमित काम केले नाही.’ पहिल्या तीन ओळी मी घेतल्या आहेत. चौथी घालायला माझी तयारी नाही. का नाही ते फोनवर सांगू लागले की तुम्ही ‘बरं, आईशी बोल’ म्हणून फोन तिच्या हाती देता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘काटोल तालुका’ एवढ्याने काही कळत नाही. गावात सही करू शकणारी जी मोजकी माणसे होती त्यांत आजोबा होते आणि त्यामुळे पोलीस गावात आले की पंच म्हणून पहिले बोलावणे त्यांनाच येत असे. पंचनामा वाचून दाखवण्याची पद्धत नव्हती. बोट ठेवतील तिथे सही करायची आणि संत्र्याच्या बागेत परत जायचे. दोन-तीन वर्षांनी समन्स आले की हेच आजोबा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून, आपण काय पाहिले होते ते आठवण्याचा प्रयत्न करत आणि घामाघूम होत. दहा वर्षांचे तुम्ही त्यांच्याबरोबर एसटीने नागपूरला येऊन मागच्या बाकावर बसला होता, हे तुम्ही मला एकदाच सांगितले आहे, तेही दुसऱ्याच एका विषयाच्या ओघात. पण पुढे आरोपीने काढून दिलेल्या वस्तूच्या जप्तीचा पंच समोर आला की, पुरावा कायद्याच्या कलम २७ वर बोलण्याआधी तुम्ही त्याला बोलावले कोणी, बसवले कुठे आणि कागद वाचून कोणी दाखवला, हे तीन प्रश्न कधीच सोडले नाहीत. तुमच्या हाताखालच्या ज्युनिअरांना ती सवय वाटे. मला ती आजोबांची आठवण वाटते. परिचयात हे आले पाहिजे.

दुसरी गोष्ट १९९६ ची आहे. मी अकरावीत होते आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस तुमच्याबरोबर कोर्टात आले होते. खुनाचा खटला होता आणि मृताच्या वृद्ध चुलतीचा सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घ्यायची पहिली साक्ष, चालू होता. न्यायाधीश पश्चिम महाराष्ट्रातून नुकतेच बदलून आलेले होते. सरकारी वकिलांनी विचारले, तेव्हा काय झाले? म्हातारी म्हणाली, ‘मले भेव वाटलं, हा मारीन बाप्पा.’ साहेबांनी टंकलेखकाला सांगितले: आरोपी ‘मी मारीन’ असे म्हणाला. पोलिसांपुढच्या जबाबातही नेमके तेच वाक्य होते, कारण तो लिहून घेणारा अधिकारीही आपल्या भागातला नव्हता. पुण्यातल्या माणसासाठी ‘मारीन’ म्हणजे बोलणारा स्वतः मारणार. आपल्याकडे ‘तो येईन’, ‘पाऊस पडन’ असे सर्रास म्हणतात. (गेल्या महिन्यात मी कार्यालयात ‘शिपाई आणून देईन’ म्हणाले तेव्हा समोरच्या बाईंनी मला शिपाई समजून माझी चौकशी केली, बावीस वर्षांत ही सवय गेलेली नाही.) एका प्रत्ययाच्या फरकाने म्हातारीची भीती ही आरोपीची धमकी झाली होती, आणि धमकी म्हणजे खुनाच्या खटल्यात हेतूचा पुरावा.

तुम्ही लगेच उठून हरकत घेतली नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. उलटतपासात तुम्ही आधी तिच्या घराविषयी आणि गायीविषयी विचारले. मग तिच्याच बोलीत, तिच्याइतक्याच हळू आवाजात विचारले, ‘आजी, हा मारीन म्हणजे कोण मारीन?’ ती म्हणाली, ‘हाच ना. मी काऊन मारीन?’ सगळे हसले, साहेबही हसले आणि मग एकदम थांबले. तो तोंडून काही बोलला होता का, या पुढच्या प्रश्नाला तिने मान हलवून ‘नाही’ सांगितले. तुम्ही ते ‘नाही’ शब्दांत नोंदवून घेतले आणि खाली बसलात. मागे बसलेला आरोपीचा भाऊ तुमच्या गाऊनला हात लावून आणखी विचारा म्हणून खुणावत होता, तरीही तुम्ही उठला नाहीत. पुढे तपास अधिकारी साक्षीला आल्यावर जबाबातले ते वाक्य साक्षीदाराच्या शब्दांत आहे की तुमच्या, हेही तुम्ही विचारलेत. ते विचारायला अनेक जण विसरतात आणि मग साक्षीदाराकडून मिळवलेली विसंगती शाबीत न होता कागदावरच राहते. आरोपी सुटला नाही, सुटायलाही नको होता. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष ठरला.

आता तुमच्या चौथ्या ओळीकडे येते. तुमचे दोन ज्युनिअर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीचा उल्लेख निघाला की तुम्ही विषय बदलता, हे मला माहीत आहे. पण अपिलात काय होते ते तुम्हीच मला शिकवले आहे: तिथे साक्षीदार येत नाही, त्याचा नोंदवलेला शब्द येतो. ‘आरोपी असे म्हणाला’ हे वाक्य त्या दिवशी तसेच राहिले असते, तर पुढे कितीही मोठ्या वकिलाला ते ‘म्हातारीला असे वाटले’ करता आले नसते. परिस्थितिजन्य पुराव्याच्या प्रत्येक युक्तिवादात तुम्ही हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्याचा १९५२ चा निकाल अभिमानाने सांगता. सर्वोच्च न्यायालयात ते अपील आपल्या नागपूरच्या तेव्हाच्या उच्च न्यायालयातून गेले होते आणि १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा निकालातली पाच तत्त्वे त्याच निकालाच्या पायावर उभी आहेत. नरगुंदकर खटल्यातले आरोपी सुटले ते कनिष्ठ न्यायालयात तयार झालेले कागद बारकाईने वाचले गेल्यामुळे. मग तसे कागद पन्नास वर्षे तयार करणाऱ्याने आपल्या परिचयात उणीव नोंदवल्यासारखी ती ओळ का लिहावी?

मधली तीन वर्षे तुम्ही अतिरिक्त सरकारी वकील होता, ते मात्र तुम्ही मुळीच लिहिलेले नाही. त्या काळाबद्दल तुम्ही फारसे बोलत नाही, म्हणून मीही एका ओळीपेक्षा जास्त लिहीत नाही.

आणखी एक. तुम्ही कायदा शिकत असताना, १ एप्रिल १९७४ ला, नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि जुनी व नवी अशा दोन्ही कलमांचे तक्ते करून तुम्ही परीक्षा दिलीत. १ जुलै २०२४ ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले तेव्हा तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे होता आणि पुन्हा दोन रंगांच्या शाईने तक्ते केलेत, कारण जुन्या गुन्ह्यांना जुनी संहिता आणि नव्यांना नवी, अशी दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवणे भाग होते. खुनाच्या कलम ३०२ चे १०३ झाले हे तुमच्या ज्युनिअरांनी मोबाइलवर पाहिले. तुम्ही ते पाठ केले. दिवाळीला आले की त्या तक्त्याचा फोटो घेणार आहे.

आई, आता तुझ्याकडे येते, कारण या कागदात तुझे नाव कुठेच नाही. नागपूरच्या महाल भागातल्या सीनिअरांच्या कार्यालयात बाबांना पहिली काही वर्षे वाचायला पुस्तके आणि बसायला खुर्ची मिळत होती, पैसे नव्हते, आणि घर तुझ्या शाळेच्या पगारावर चालत होते. पहिल्या फीचे काय झाले याबद्दल माझ्यापुढे दोन परस्परविरोधी निवेदने आहेत. बाबा म्हणतात सीताबर्डीहून पुरावा कायद्याचे जुने पुस्तक घेतले. तू एकदा म्हणालीस की ती रक्कम स्टोव्ह आणि रॉकेलमध्ये गेली. बाबा या मुद्द्यावर हितसंबंधी साक्षीदार आहेत, म्हणून रक्कम आणि खर्च हे दोन्ही तू तुझ्या हाताने लिहून पाठव. बाबांनी तुझा उलटतपास घेतला तरी माझी हरकत नाही; फेरतपासाचा हक्क मी राखून ठेवत आहे.

मसुदा सोबत आहे. दुरुस्त्या लाल शाईने करा आणि वीस तारखेच्या आत परत पाठवा.

तुमची,
वसुधा