कसिनोच्या माळीकाकांना मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

इटलीतल्या कसिनो वॉर सिमेट्रीत तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते तुमच्या लेखी काही विशेष नसेल, पण आमचे बाबा घरी आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतायत आणि सांगताना अजून त्यांचा गळा भरून येतो, म्हणून मी लिहायला बसले.

ज्यांचं नाव बघायला आम्ही आलो होतो ते यशवंत घाडगे, फौजेत नाईक, आमच्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. वय अवघं 22. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 ला तिकडे तिबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या फायरमध्ये त्यांच्या सेक्शनमधली सगळी पोरं पडली, कोणी मेलं कोणी जखमी, एकटे हे उभे राहिले. आणि काका ते थांबले नाहीत हो, सरळ त्या गनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने मारलं, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता तर तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना हाणलं, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वात मोठं पदक, मिळालं ते बायकोच्या हातात. कबर कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नाव तुमच्याकडे, कबर नसलेल्या चारेक हजार जणांमध्ये.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झाले. बेळगावला रिक्रूट असताना उस्तादांनी ही हकीकत सांगितली होती, तेव्हापासून एकदा तिथे जाऊन सॅल्यूट करायचा हे त्यांच्या डोक्यात होतं. निघायच्या आधी थोडी माहिती हवी होती म्हणून इथल्या एका ऑफिसात गेलो तर पहिला प्रश्न, तुम्ही वारस का? नाही म्हटल्यावर, मग तुमचा काय संबंध? सत्तरी ओलांडलेला फौजी समोर उभा आहे, त्याला साधं बसा कोणी म्हटलं नाही. बाबा काही बोलले नाहीत पण घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

आणि तुम्ही? तुम्ही काहीच विचारलं नाहीत. नाव सापडत नव्हतं तर हातातलं काम टाकून आलात, मोबाईलवरचं नाव बघून नेमक्या दगडापाशी नेलंत, ओल्या स्पंजने अक्षरं पुसलीत तशी ती उठून दिसायला लागली. बाबांनी सवयीप्रमाणे बूट काढून बाजूला ठेवले. ते बघून तुम्ही खाली बसलात, गवत-चिखल लागलेले तुमचे गमबूट ओढून काढलेत आणि करड्या मोज्यांवर त्या ओल्या गवतात बाबांच्या शेजारी उभे राहिलात. एका मोज्याचा अंगठा फाटलेला होता. बाबा सॅल्यूट करून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणाले, आवाज फुटला त्यांचा, तेव्हा तुम्ही टोपी छातीशी धरून होतात. बाबांचं होईपर्यंत हलला नाहीत.

आमचा संबंध काय हे तुम्हाला सांगावं लागलं नाही काका, यातच सगळं आलं. तुमच्याच देशातल्या मोंतोने गावाने 2023 मध्ये घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो असं त्यावर लिहिलंय म्हणे. 5000 हून जास्त भारतीय पोरं त्या महायुद्धात इटलीत कामी आली, त्यांच्या घरच्यांपैकी किती जणांना तिथवर पोचता आलं असेल! आईबापांच्या जागी तुमच्यासारखी माणसं ते दगड पुसतायत, गवत कापतायत. माणुसकी अजून आहे आणि ती बहुतेक वेळा साध्या कामकरी माणसांकडेच सापडते हे माझं ठाम मत झालंय.

बाबांचा निरोप आहे, माणगावला याच. तहसील कचेरीपाशी घाडग्यांचा पुतळा आहे, तिथे ते स्वतः तुम्हाला घेऊन जाणार. दिवाळीनंतर आलात तर बरं, पाऊस संपलेला असतो. राहायचं आमच्याकडेच, लॉज वगैरे बघायचं नाही.

तुमची,
माणगावची एक लेक