किरकोळ हाडं म्हणे!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला, उत्तर गुजरातेतल्या लांघणजच्या अश्मयुगीन वस्तीत सापडलेल्या गेंड्याचा लेख वाचला, विषय छान, गुजरातेत गेंडा म्हटल्यावर आमच्या वाड्यात दिवसभर दुसरं बोलणं नाही. पण शेवटी 'इतर किरकोळ हाडेही मिळाली' असं लिहून बाकीचं जे उरकलंत ना, तिथे माझं डोकं फिरलं.

याच 'किरकोळ'पायी मी बोलणी खाल्लीयेत. कॉलेजात असताना मित्रामागे हौसेनं एका खोदकामावर गेलो होतो. टूथब्रशनं हाडं धुवायची, सावलीत वाळत घालायची, एवढंच काम. चाळणीत उरलेला बारीक चुरा मी कचरा समजून सरळ ढिगावर ओतला, तर तिथल्या बाईंनी भर उन्हात सगळा ढीग मला परत चाळायला लावला. म्हणाल्या, गेंडा आंधळ्यालाही सापडतो, तू उंदीर शोध. कारण उंदीर गवतातला की घरातला यावरून आसपास काय होतं ते कळतं. संध्याकाळपर्यंत दोन जबडे मिळाले, कातरलेल्या सुपारीएवढे, दातांसकट.

आता लांघणज. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना १९४०च्या दशकात तिथल्या खोदकामात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं, वर ठोकल्याचे खळगे, म्हणजे त्या लोकांनी त्याची ऐरण केली होती. त्यावरून तुमच्या लेखकानं 'गेंड्यांचे कळप' कुठून हाकत आणले? गेंडा बहुतेक एकटाच फिरतो हो! शिवाय वस्तीत सापडतं ते माणसांनी उचलून आणलेलं, ती काही रानाची मतदारयादी नव्हे. खरी गंमत तुमच्या किरकोळात आहे. तिथे नीलगाय आहे, काळवीट आहे, दलदलीत राहणारा बारशिंगासुद्धा आहे. नीलगाय आजही शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप, काळवीट बघायला भावनगरजवळच्या वेळावदरच्या अभयारण्यात जावं लागतं, आणि बारशिंगा गेंड्याबरोबर इथून गेलाच. पाण्यावर आणि उंच गवतावर जगणारे गेले, कोरड्यात भागवणारे राहिले. ही बातमी सोडून तुम्ही गेंड्याचं वजन छापता, धन्य आहे.

आणि हो, फोटो. आपल्याकडचा गेंडा एकशिंगी, तुम्ही छापलाय दोन शिंगांचा, आफ्रिकेतला. नातवानं तो कापून शाळेच्या प्रोजेक्टवर फेव्हिकॉलनं चिकटवला, आज सकाळपासून मी तो सोडवतोय तर खालचा कागदच फाटतोय.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे