प्रमाणपत्रातले तास घाटात मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोटे कौशल्य-अभ्यासक्रम चालवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांच्या प्रवेशाची पत्रके आता एसटी स्थानकांवर आणि बाजारपेठांत दिसू लागतील. वाहनचालन, बालशिक्षण, अर्थशास्त्र आणि शिक्षण हे चार अभ्यासक्रम बहुधा एकाच कागदावर असतात. शहर जवळ नसलेल्या मुलामुलींना त्यांचा उपयोग आहे, याबद्दल वाद नाही. आमचे म्हणणे एवढेच की प्रमाणपत्रावर तास लिहिलेले असतात, पण ते कुठे आणि कशावर घालवले ते लिहिलेले नसते. कोकणात नेमके त्यावरच अडते.

वाहनचालनापासून सुरुवात करू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि किमान १० तास प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात हवे. म्हणजे एकही खाडा न करता रोज जेमतेम अर्धा तास. गाडीत चार शिकाऊ बसवले आणि गाडी तासाभरात परत आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात आणि २१ दिवसांत जेमतेम सव्वापाच तास भरतात. तेही गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर. मग हाच मुलगा पुढे पिकअप घेऊन कुंभार्ली किंवा करूळ घाट उतरतो.

घाटात पहिला धडा गिअरचा. चढायला जो गिअर लागतो तोच उतरायला, आणि तो उतार सुरू होण्याआधीच पाडायचा. मध्येच पाडायला गेले की क्लच दाबल्यावर गाडी मोकळी सुटते. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रलमध्ये सोडणारे अजून भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणेच बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलिंगला जळत राहते. वाचत काही नाही, उलट इंजिनाचा अटकाव गमावतो. इंजिनच बंद केले तर आणखी वाईट: ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पेडल दगडासारखे होते.

पाय सतत ब्रेकवर राहिला तर लायनिंग तापते, करपल्याचा वास येतो आणि दाबूनही गाडी हवी तशी धरत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबायचे. तापलेल्या ड्रमवर पाणी मारायचे नाही, तो तडकतो. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. ओलावा शिरलेले ऑइल कमी तापमानाला उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल दाबले जात नाही. पेडल मऊ लागून खाली जाते ते यामुळे. किलोमीटर कमी झाले असले तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे, हे वर्गात बाटली दाखवून शिकवायला दहा मिनिटे पुरतात.

चढावर गाडी उचलणे हा परीक्षेचा भाग असतो, तरी रोजच्या सरावात तो टाळला जातो. हॅन्डब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत आणि बॉनेट किंचित उचलेपर्यंत यायचे, थोडी रेस द्यायची आणि मगच हॅन्डब्रेक सोडायचा. मागच्या चाकाला दगड लावून सराव करायला हरकत नाही. तो दगड नंतर रस्त्यातून उचलायचा, हेही प्रशिक्षणातच धरावे! अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा कायदा आहे, सौजन्य नव्हे. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल, धूळ आणि डंपरांनी सांडलेली लाल माती मिळून साबण होतो. त्या दिवसांत वर्गाला सुट्टी देण्याऐवजी गाडी बाहेर काढावी.

बालशिक्षणाच्या वर्गात खडू-फळा आणि रंगीत तक्ते भरपूर असतात. मुलाच्या हातात काय द्यायचे, हे मात्र मोघम राहते. याच कोकणपट्टीवर, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते काम कोसबाडला नेले. परिसरातल्या वस्तूंतून साधने करण्याची वाट तिथे पाडली गेली. पण परिसरातले सगळेच निरुपद्रवी नसते. करवंट्या, मोठे शिंपले, झावळीचे हीर, नारळाच्या शेंड्या चालतील, हिराची टोके बोथट करून आणि शिंपल्यांच्या कडा घासून. कच्ची काजूबी मोजायलासुद्धा देऊ नये, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. लालकाळ्या गुंजा दिसायला गोड, पण चावून फुटलेली एक गुंजही मुलाला घातक ठरू शकते. चिंचोके तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवावेत, ते नाकात जातात आणि घशात अडकतात. पेन्सिल हातात देण्याआधी माती मळणे, दोरीत शिंपले ओवणे, कापड पिळणे यांत बोटांना काही महिने जाऊ द्यावेत. पकड तयार नसताना अक्षरे गिरवायला लावली की मूल पेन्सिल मुठीत धरते आणि ती सवय मोडायला पहिली-दुसरी खर्ची पडते. ‘माका व्हया’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला हवं म्हण’ असे तिथल्या तिथे टोकू नये. ते बोलायचेच थांबते.

शिक्षण या विषयाच्या प्रमाणपत्राबद्दल एकच गोष्ट प्रवेशाच्या वेळी मोठ्या अक्षरात सांगावी: शिक्षकाच्या नोकरीसाठी पहिली ते पाचवीला डी.एल.एड. ही पदविका, सहावी ते आठवीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हीकडे टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते. हे प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही.

अर्थशास्त्राचा वर्ग मागणी-पुरवठ्याच्या वक्रांवर संपतो, आणि शेजारच्या वर्गातला मुलगा पिकअपसाठी कर्जाचा अर्ज भरत असतो. दोन्ही वर्गांना एकत्र बसवून फळ्यावर हिशेब मांडा. समजा डिझेल ९० रुपये आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, तर किलोमीटरला साडेसात रुपये झाले. टायर आणि सर्व्हिसिंगचे मिळून सव्वा रुपया धरू. म्हणजे फिरता खर्च पावणेनऊ. हप्ता १५ हजार आणि विम्याचे महिन्याला अडीच हजार, म्हणजे गाडी दारात उभी असली तरी साडेसतरा हजार जातात. आंब्याच्या हंगामात महिन्याला ३,५०० किलोमीटर झाले तर त्याचा भार किलोमीटरला ५ रुपये. श्रावणात हजारच झाले तर साडेसतरा. एकूण खर्च एकदा पावणेचौदा, एकदा सव्वासव्वीस. गाडी तीच आणि रस्ताही तोच. यात चालकाची मजुरी आणि टोल धरलेलाच नाही. वाशीला पेट्या उतरवून रिकामे परत यायचे असेल, तर भाडे दोन्ही बाजूंच्या किलोमीटरवर सांगायला हवे, आणि फसतात ते इथेच. हप्ता बारा महिन्यांचा, कमाई तीन-चार महिन्यांची. बँकेत जाण्याआधी हा तक्ता स्वतःच्या आकड्यांनी भरता आला, तर ते अर्थशास्त्र कामाला आले.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नोंदवही द्यावी. चालकाच्या वहीत सपाट रस्ता, चढ-उतार, पाऊस आणि रात्र असे चार रकाने असावेत, बालशिक्षणाच्या वहीत प्रत्यक्ष अंगणवाडीत मुलांसोबत घालवलेले तास आणि मुलांनी केलेल्या कृती. रोज प्रशिक्षकाची सही, आणि विद्यार्थ्याचीही. चढ-उताराचा रकाना कोरा असेल, तर ते प्रमाणपत्र देऊ नये.

आपले,
वाहन-प्रशिक्षण व बालशिक्षणात काम करणारे काही वाचक,
चिपळूण