वसतिगृहातल्या त्या मुलासाठी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

2023 मध्ये राज्य शासनाने बायर्न म्युनिक या जर्मन क्लबच्या साथीने 14 वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा घेतली. त्यातून निवडलेल्या मुलांना म्युनिकला सरावासाठी पाठवण्याची ती योजना होती. जिल्ह्याजिल्ह्यांतली पोरं एवढ्या मोठ्या क्लबच्या दारात पोहोचणार, याचा माझ्यासारख्या फुटबॉलवेड्या माणसाला मनापासून आनंद झाला. आज आपल्याशी बोलायचं आहे ते त्याच क्लबात लहानाचा मोठा झालेल्या एका समलिंगी खेळाडूबद्दल, आणि त्याच्यासारखं गप्प राहावं लागणाऱ्या आपल्या मुलांबद्दल.

थॉमस हिट्झल्सपर्गर सातव्या वर्षी बायर्नच्या मुलांच्या संघात आला आणि अठराव्या वर्षी, 2000 साली, इंग्लंडला ॲस्टन व्हिलाकडे गेला. त्याच्या डाव्या पायाचा फटका असा जबरदस्त, की व्हिलाचे प्रेक्षक त्याला ‘हातोडा’ म्हणायचे. 2007 मध्ये जर्मन लीग जिंकणाऱ्या श्टुटगार्टच्या संघात तो होता, आणि जर्मनीसाठी तो 52 सामने खेळला. आपण समलिंगी आहोत हे त्याने जगाला सांगितलं ते जानेवारी 2014 मध्ये, बूट टांगल्यावर काही महिन्यांनी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जर्मनीतल्या जुन्या कलम 175 चा उरलासुरला भागही 1994 मध्येच रद्द झाला होता. म्हणजे तो व्यावसायिक फुटबॉल खेळला त्या सगळ्या काळात कायदा त्याच्या बाजूने होता. तरीही खेळत असताना त्याला बोलता आलं नाही.

हे कोडं मला फार अस्वस्थ करतं. फेब्रुवारी 2021 मध्ये जर्मनीतल्या 800 हून अधिक खेळाडूंनी एका फुटबॉल मासिकाच्या मोहिमेतून जाहीर केलं की, कुणी समलिंगी सहकारी हे सांगायला पुढे आला तर आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहू. त्याच महिन्यात बायर्नचा आणि विश्वविजेत्या जर्मनीचा माजी कर्णधार फिलिप लाम म्हणाला की, खेळत असलेल्या खेळाडूला असं जाहीर करण्याचा सल्ला मी देणार नाही. लामवर तेव्हा टीका झाली, पण तो दुष्टपणाने बोलला असं मला वाटत नाही. परक्या मैदानावर हजारो लोक एका सुरात शिव्या घालतात तेव्हा काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. पुढे 17 मे 2024 रोजी खेळाडूंनी एकत्र पुढे यावं म्हणून जर्मनीत मोठी मोहीम निघाली. खेळत असलेला एकही नामवंत फुटबॉलपटू पुढे आला नाही.

त्यांनी का यावं, हाही प्रश्न आहेच. जस्टिन फॅशनूचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. 1981 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश क्लबने त्याच्यासाठी 10 लाख पौंड मोजले. एवढी किंमत मिळवणारा तो ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. 1990 मध्ये त्याने आपलं समलिंगी असणं जाहीर केलं आणि सख्ख्या भावाने वर्तमानपत्रातून त्याच्याशी नातं तोडलं. 1998 मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत असलेला पुरुष खेळाडू उघडपणे बोलला तो थेट 2022 मध्ये. ब्लॅकपूल क्लबचा जेक डॅनियल्स तेव्हा फक्त 17 वर्षांचा होता. त्याने आधी आईला आणि बहिणीला सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशीच्या सामन्यात चार गोल केले! इतकी वर्षं छातीवर बसलेलं ओझं उतरल्यावर पोरगं कसं सुटलं असेल, याचा विचार करा.

महोदय, मला त्या 17 वर्षांच्या वयाबद्दलच बोलायचं आहे, कारण त्या वयाची मुलं आपल्या खात्याच्या हाती असतात. क्रीडा प्रबोधिनीच्या वसतिगृहात मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना येतो. पुढची काही वर्षं प्रशिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक हेच त्याचे आईबाप. ‘बायल्यासारखा काय खेळतोस?’ हे वाक्य कोल्हापुरापासून नागपुरापर्यंत कुठल्याही सरावात ऐकू येतं. ओरडणाऱ्याच्या मनात बहुतेकदा काहीच नसतं. पण त्या ओळीत उभा असलेला एखादा मुलगा त्या दिवशी गप्प राहायला शिकतो आणि मग सगळी कारकीर्द गप्पच राहतो. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांपुरतं कलम 377 निष्प्रभ केलं. 2019 मध्ये धावपटू द्युती चंद हिने धैर्याने आपलं समलिंगी नातं जाहीर केलं. मैदानावरची भाषा मात्र त्या निकालाने बदललेली नाही.

कुणी जाहीर करावं असा आग्रह माझा मुळीच नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. मागणं आहे ते असं, की आपल्या प्रबोधिन्यांत आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत लैंगिक कलावरून हिणवणं हा शिस्तभंग आहे, हे आचारसंहितेत स्पष्ट लिहावं आणि ते प्रशिक्षकांनाही लागू करावं. एखाद्या मुलाने विश्वासाने प्रशिक्षकाला सांगितलं, तर त्याच्या संमतीशिवाय ती गोष्ट घरी किंवा संघात जाऊ नये. लैंगिक कल हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच म्हटलं आहे. ‘उपचार करून घ्या’ असा सल्ला पालकांना देणं तर पूर्ण बंद व्हायला हवं. असे उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये जाहीर केलेलं आहे. आणि तक्रार ऐकायला समुपदेशक असावा तो प्रशिक्षकाच्या हाताखालचा नको. संघनिवड ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध त्याच्याच माणसाकडे कोण जाईल?

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही. एक परिपत्रक आणि प्रशिक्षकांच्या शिबिरातले दोन तास पुरतील. पुढच्या शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी ते परिपत्रक निघावं, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी नागरिक