लघवीचा रिपोर्ट आणि रद्द केलेलं पॅकेज

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही ठरवलेलं ते ‘फुल बॉडी’ पॅकेज मी रद्द केलंय. चिडू नका, पैशांसाठी नाही. त्यातलं होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल), एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) वर-खाली झालं तरी तुमचे उपचार तेच राहणार. सीआरपी तर दाढ सुजली तरी चढतं. इतकी वर्षं टाइप वन मधुमेह सांभाळणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचे हाल लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि डोळ्यांत थेंब घालून केलेली रेटिनाची तपासणी यांतून कळतात. तेवढंच ठेवलंय. लॅबमध्ये परस्पर फोन केला, हे मात्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

आता लघवीच्या रिपोर्टमधला तो ४६. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवा, हे खरं. पण नमुना दिलात कधी, पर्वती चढून आल्यावर! चोवीस तासांतले श्रम, ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, फार चढलेली साखर, यांपैकी काहीही तो आकडा फुगवतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांत आणखी दोन नमुने द्यायचे. तीनपैकी दोन तीसच्या वर आले तरच तो धरायचा. पट्टी बुडवून केलेल्या साध्या तपासणीत ‘प्रोटीन निल’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, इतकं थोडं अल्ब्युमिन त्या पट्टीला दिसतच नाही.

आदल्या दिवशी पर्वती बंद. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली. दोन तासांत पोचत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. (आई, नाक मुरडू नकोस, डबा घालून खालच्या कप्प्यात ठेव.) जास्त पाणी पिऊन आकडा उतरत नाही, पातळपणाचा हिशोब क्रिएटिनिनने भागताना होतोच.

उपाशी राहायचं नाही. लॅबवाला बारा तास म्हणेल, पण यांतल्या एकाही तपासणीला ते लागत नाही आणि तुमची साखर पहाटे कशी घसरते ते आपण पाहिलंय. रात्रीचं लाँग-अॅक्टिंग इन्सुलिन चुकवायचं नाही. साखर सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून बघा. हिमोग्लोबिनही करा, लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतं.

पुढे डॉक्टरांनी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन (रक्तदाबाच्या, मूत्रपिंडं जपणाऱ्या गोळ्या) दिलं, तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत चढलं तरी गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी मूत्रपिंडांना वाईट, ती मात्र कपाटातून काढून टाका, आजच.

आई, प्रोटीनच्या धास्तीने बाबांचं वरण बंद करू नकोस, रोजचं जेवण चालतं. आणि माझ्या तापात जागायचीस तशी रात्र-रात्र जागू नकोस गं, साखरेच्या मीटरचा अलार्म मोठा करून दिलाय. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर नाही, रिक्षाच. रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, नुसता लाल आकडा नको.

तुमची,
छोटी