आफ्रिकेची तूर, आपला कोटा: केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय वाणिज्य मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

तूर आयातीबद्दल आम्ही शेतकरी एरवी एकच मागणी करतो: बंद करा. आजची मागणी वेगळी आहे: आफ्रिकेतून येणाऱ्या तुरीचा कोटा पाच वर्षांसाठी पक्का करा.

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेत बहुतेकांकडे हेक्टरभरसुद्धा रान नाही. त्यात मका आणि मक्याच्या ओळींत तूर, आपण सोयाबीनमध्ये घेतो तशी. तिकडे तिला नांदोलो म्हणतात. मका निघाला की तूर एकटी उभी राहते. तिची पाने झडून रानातच कुजतात, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि पुढच्या मक्याला तो फुकटात मिळतो. 2022 मध्ये खतांचे भाव भडकले तेव्हा आयातीचा युरिया तिथल्या गरिबाच्या हाती लागणे अवघड झाले. तूर मात्र रानात होती. शिवाय युरिया बनतो बहुतेक नैसर्गिक वायूपासून आणि रानात पडल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो.

राहिल्या तुराट्या. त्या चुलीत जातात, आणि ही गोष्ट किरकोळ नाही. मलावीत दहापैकी नऊहून अधिक घरांत लाकडावर नाहीतर लोणारी कोळशावर रांधतात, त्यापायी डोंगर बोडके झालेत. 2023 च्या फ्रेडी चक्रीवादळात तिथल्या ब्लँटायर शहराच्या टेकड्यांवरचा चिखल खालच्या वस्त्यांवर आला, तो सगळ्या जगाने पाहिला.

ही तूर पेरली जाते ती बऱ्याच अंशी आपल्या भरवशावर. जुलै 2016 मध्ये आपण मलावीशेजारच्या मोझांबिकशी करार केला, पहिल्या वर्षी 1 लाख टनांपासून वाढवत 2020-21 मध्ये 2 लाख टनांवर नेण्याचा. पुढच्याच वर्षी आपल्याकडे विक्रमी पीक आले, बारदाना नाही म्हणून खरेदी केंद्रे बंद पडली (आमचे तेव्हाचे हाल आपल्या खात्याला ठाऊक असतील) आणि ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकच्या करारातला माल त्यातून वगळला होता, तरी मलावी-टांझानियात भाव कोसळले. ऑगस्ट हा तिकडे काढणीचा महिना. पेरा आदल्या डिसेंबरातच झाला होता, आता त्यांनी करायचे काय? अशा फटक्यानंतर माणूस तूर सोडतो, आणि तुरीबरोबर रानाचे खत आणि चुलीचे जळणही जाते.

मे 2021 पासून उलटे टोक: आयात खुली आणि वर्षावर्षाची मुदतवाढ. त्यात आम्ही भरडलो.

मलावीशी 2021 मध्ये झालेला वर्षाला 50 हजार टनांचा करार 2025-26 पर्यंतचाच. पुढचा करताना कोटा पाच वर्षांचा ठरवा आणि मध्ये हात लावू नका. बदलायचाच झाला तर ऑक्टोबरच्या आत सांगा, म्हणजे तिकडचा शेतकरी पेरणीआधी विचार करेल. माल ऑगस्ट ते नोव्हेंबरात उतरू द्या, कारण डिसेंबरअखेर आमची नवी तूर आडतीवर येऊ लागते. आणि हमीभावापेक्षा स्वस्त उतरणाऱ्या मालावर शुल्क लावा, मग तो कुठल्याही देशाचा असो.

आपला,
एक तूर उत्पादक, लातूर