खांद्यावरचा पट्टा

प्रिय ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॉलेजच्या टीमने रेसिंगची गाडी बांधायला घेतली हे ऐकलं आणि मी कपाटावरची ती निळी-नारिंगी छोटी गाडी खाली काढली. लहानपणी तू तिचं दार मोडलं होतंस. खऱ्या गाडीची हकिकत मात्र तुला सांगायची राहूनच गेली.

ती फोर्ड जीटी ४०, चासी क्रमांक (म्हणजे सांगाड्यावरचा क्रमांक) १०७५. उंची जेमतेम ४० इंच, म्हणून नावात ४०. एवढ्या बुटक्या गाडीत शिरता यावं म्हणून दाराबरोबर छपराचाही तुकडा उघडतो. फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत तिने १९६८ साली जिंकली, तेव्हा पेद्रो रॉद्रिगेझ आणि ल्युसियन बियांकी चालवत होते.

पण खरी गोष्ट १९६९ ची. तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. झेंडा पडला की धावत यायचे, गाडीत उडी टाकायचे आणि सुसाट सुटायचे. पट्टा बांधायला कोण थांबतो! आदल्याच वर्षी विली मेरेस यांच्या जीटी ४० चं दार घाईत नीट लागलं नाही, पहिल्याच फेरीत अपघात झाला आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपली.

आपल्या १०७५ चा ड्रायव्हर, २४ वर्षांचा जॅकी इक्स, सगळे धावत असताना शांतपणे चालत गेला. बसला, पट्टा बांधला, घट्ट केला आणि मग निघाला, सगळ्यांच्या शेवटी. त्याच पहिल्या फेरीत जॉन वूल्फ यांची पोर्श ९१७ आदळली आणि ते गेले.

इक्स आणि जोडीदार जॅकी ऑलिव्हर यांनी एकेक गाडी मागे टाकली. शेवटच्या तासात हान्स हरमान यांची पोर्श ९०८ आणि इक्स, कधी हा पुढे, कधी तो. जवळजवळ ५००० किलोमीटर धावून झाल्यावर इक्स जिंकला तो सुमारे १२० मीटरने! हा भाग मला आजही बसून वाचवत नाही. शेवटी निघालेला माणूस पहिला आला, आणि तीच गाडी लागोपाठ दुसऱ्यांदा. पुढच्या वर्षी ती धावपळ बंद झाली, ड्रायव्हर आधीच पट्टे बांधून बसू लागले.

तुमच्या गाडीत पट्टा चौकटीला कुठे जोडलाय? त्या जोडाचा जवळून काढलेला फोटो पाठव, वेल्डिंग मला बघायचंय. छोटी गाडी पार्सलने पाठवतोय. दार आता चिकटवलंय, उघडताना जपून.

तुझे,
बाबा